सरा की जरा

परवा दुपारी खानापूरहून बेळगावला येत होतो. लाल बस, तिघांचा बाक, खिडकीशी मी. मधे एक कॉलेजचा पोरगा, कडेला मांडीवर छत्री आडवी घेतलेले एक पेन्शनर. २०२३च्या जूनपासून आमच्याकडं बायकांना बस फुकट. तेव्हापासून बसमध्ये उभं राहायलाही नशीब लागतं. गणेबैलला एक आज्जी चढल्या. हातातल्या पिशवीतून अळूची पानं डोकावत होती. त्यांनी एकदा बाकाकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि म्हणाल्या, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री."

म्हणेपर्यंत बसल्यासुद्धा.

तीन शब्द, तीन घरचे. स्वल्प संस्कृतातला, अ‍ॅडजस्ट इंग्रजी, माड्री कानडी. हेच त्यांनी "सरा की जरा" म्हटलं असतं तरी आम्ही तेवढेच सरकलो असतो. मराठीत तो स्वल्प आता बहुतेक स्वल्पविरामापुरताच उरलाय. लहानपणी दूधवाल्या अक्कांच्या तोंडून 'स्वल्प' रोज ऐकायचो, त्यामुळं गुरुजींनी फळ्यावर स्वल्पविराम काढला तेव्हा मला ते चिन्हच कानडी वाटलं. पूर्णविराम आपला, स्वल्पविराम त्यांचा, अशी वाटणी मी मनातल्या मनात करून टाकली होती. पुढं बरीच वर्षं मी वाक्यात स्वल्पविराम द्यायला का कू करायचो. अजूनही करतो.

अ‍ॅडजस्टवर मात्र माझा जुना राग आहे. हा शब्द म्हणणारा स्वतः कधी सरकत नाही. स्थळ बघायला आलेली माणसं विचारतात, "मुलगी अ‍ॅडजस्टिंग आहे ना?" मुलाबद्दल हा प्रश्न मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. घरमालक, मांडववाला, शिंपी, सगळे हाच शब्द आपल्या अंगावर टाकून मोकळे होतात.

त्या रागाच्या भरातच एकदा डिक्शनरी काढून बसलो होतो. लॅटिनमध्ये 'युक्स्टा' म्हणजे लगत, शेजारी. त्यावरून जवळ आणण्याचं क्रियापद झालं, ते फ्रेंचांकडं गेलं, त्यांच्याकडून इंग्रजांकडं. वाटेत लोकांना वाटलं, यात 'जस्ट' आहे, म्हणजे न्यायाशी काहीतरी संबंध असणार. तो 'जस्ट' वेगळ्याच घरातला, 'युस्टुस'चा. पण त्याची सावली पडली ती पडलीच. मुळात शब्द म्हणतो 'जवळ सर', आणि आपण त्यात 'बरोबर कर' ऐकतो.

या गल्लतीची आम्हा बेळगावकरांना सवय आहे. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. दरवर्षी त्या तारखेला एका रस्त्यानं काळ्या फिती जातात, दुसऱ्यानं लाल-पिवळे झेंडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फितीवाल्याच्या आणि झेंडेवाल्याच्या कोपरात कोपर घालून एकाच बाकावर चहा चाललेला असतो. सीमावादावरचा महाजन अहवाल १९६७ सालचा, सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा गेला २००४ला. 'बरोबर कर'चं तिथं जे व्हायचं ते होईल. 'जवळ सर'ला काही तारीख पडत नाही.

सांगायचं होतं ते वेगळंच. तो 'युक्स्टा' ज्या धातूपासून आला असं धरतात, त्याच धातूचा इंग्रजीतला 'योक', संस्कृतातला 'युग', आणि त्या युगाचं झिजून झालेलं आपलं जू. बैलाच्या मानेवरचं.

येळ्ळूरला काकांचं भाताचं शेत होतं. बैलजोडी विजोड, थोरला दांडगा आणि धाकटा नुकता शिकवलेला. सकाळी नांगर धरायच्या आधी काका जुवाजवळ उकिडवे बसायचे. शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, हलवून बघायचे, मग जू नांगराला बांधलेला नाडा सोडून थोरल्याच्या बाजूला चार बोटं सरकवायचे आणि पुन्हा आवळायचे. दोर ओला असला तर दात लावून. मी विचारलं, मधोमध का नाही बांधत? "मधोमध बांधलं तर धाकटा मरंल की. गाठ थोरल्याकडं सरकली, ओझं त्याच्याकडं जातंय." मग थोरल्याच्या वशिंडावर थाप मारून त्यालाच म्हणाले, "अ‍ॅडजेस कर बाबा."

जो दांडगा, त्याला सांगितलेलं अ‍ॅडजस्ट मी तेवढं एकदाच ऐकलं. शाळेत मधोमध म्हणजे न्याय असं शिकवलं होतं, त्यामुळं तेव्हा मला काका चुकतायत असंच वाटलं.

बसमधून मच्छे गाव मागं गेलं. आज्जींची पिशवी एव्हाना हातोहात माझ्या पायाशी आली होती, आणि अळूची पानं माझ्या पँटला ओलं करत होती. पेन्शनर अर्धे बाकाबाहेर होते, छत्री मात्र आतच. उद्यमबागला कॉलेजचा पोरगा सगळ्यांच्या गुडघ्यांवरून वाट काढत उतरला. बाकावर पुन्हा तिघंच. खरं सरकलं कुणीच नाही. रेल्वेचं तिसरं गेट येईपर्यंत आम्ही तसेच, एकमेकांना चिकटून.