काउंटरवर शून्य

वीज पडल्याची तक्रार आली की मी आधी छतावर जातो, जळालेली यंत्रं नंतर बघतो. काय जळलं ते खाली उभा असलेला प्रत्येक जण सांगतो. वीज आत कुठून शिरली, हे मात्र छतावर आणि जमिनीतच सापडतं. लातूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर मांडतो.

मे महिन्यातला वळीव. संध्याकाळचं संकलन आटोपून कुलूप लागल्यावर वीज पडली, म्हणून माणसं वाचली. छतावर ३० किलोवॉटचा सोलर: ५४० वॉटची ५६ पॅनल, १४-१४ च्या चार स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या माळा. खाली बल्क कूलर, फॅट मशीन, कॅमेरे, कॉम्प्युटर. इन्व्हर्टर गेला, फॅट मशीनचं कार्ड गेलं, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर गेला, कूलरचं कंट्रोल कार्ड गेलं. कूलरच्या कॉम्प्रेसरला मात्र काही झालं नाही. मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांना असा क्षणभराचा दाब बऱ्याचदा सोसतो, इलेक्ट्रॉनिक कार्डाला सोसत नाही.

छताच्या पश्चिम टोकाला ५ मीटरचा खांब होता. त्यावर चकचकीत टोपीचा, ‘अर्ली स्ट्रीमर’ जातीचा अरेस्टर, म्हणजे वीज लांबूनच स्वतःकडे ओढून घेतो असं सांगून विकला जाणारा वीजरोधक. खाली उतरणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर विजेचे झटके मोजणारा काउंटर, आणि त्यावर तीन शून्यं.

चेअरमन म्हणाले, “साहेब, शंभर मीटरपर्यंत वीज पडणार न्हाई असं कागदावर लिहून दिलंय त्यांनी. हा मीटर तर शून्य दाखवतोय. मग वीज पडलीच न्हाई म्हणायचं का?”

पडली होती. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या पॅनलच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर हरभऱ्याएवढा खळगा होता, कडेला वितळून थिजलेला मणी, आणि तिथूनच काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक. खांबापासून ही जागा टेपने २६ मीटर भरली.

वीज ढगातून एका उडीत खाली येत नाही. साधारण ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी येते, प्रत्येक टप्प्यानंतर २० ते ५० मायक्रोसेकंद थांबते. जमिनीच्या जवळ आली की खालच्या उंच, टोकदार वस्तूंमधून वर ठिणग्या निघतात, आणि त्यातली जी आधी जाऊन भिडते तिच्यावर वीज पडते. ही शेवटची उडी किती लांबीची, ते वरून येणाऱ्या विजेच्या जोरावर ठरतं. १० किलोअँपिअरची वीज साधारण ४५ मीटरवरून झेप घेते, जोरदार असेल तर आणखी लांबून. म्हणून आम्ही नकाशावर ४५ मीटर त्रिज्येचा गोळा इमारतीवरून लोळवतो. गोळा जिथे टेकेल तिथे वीज पडू शकते. इथे खांबाचं टोक पॅनलच्या वरच्या कडेपेक्षा साडेतीन मीटरच उंच होतं. गणित सरळ आहे: त्रिज्येची दुप्पट गुणिले उंची, त्यातून उंचीचा वर्ग वजा, मग वर्गमूळ. उत्तर १७ मीटर. २६ मीटरवरचा कोपरा या खांबाच्या छत्राबाहेरच होता, आणि टोपी कितीही चकचकीत असली तरी तो बाहेरच राहणार होता. आपल्याकडे लागू असलेलं वीज-संरक्षणाचं मानक, आयएस/आयईसी ६२३०५, स्पष्ट सांगतं की संरक्षणाचं क्षेत्र धातूच्या प्रत्यक्ष मापांवरूनच काढायचं. तरी सरकारी शाळांपासून देवळांपर्यंत शंभर मीटरच्या टोप्या विकल्या जातात. साध्या चार सळया त्याहून स्वस्त पडतात आणि जास्त जागा झाकतात, पण त्यांचं रंगीत माहितीपत्रक कोणी छापत नाही.

पुढे अर्थिंग. ठेकेदाराच्या दाखल्यावर अरेस्टरच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १.२ ओहम लिहिला होता. मी पट्टी आणि खड्डा जोडणारी लिंक उघडून, ५० मीटरवर एक खुंटी आणि त्याच्या ६२ टक्के अंतरावर, म्हणजे ३१ मीटरवर, दुसरी ठोकून मोजला: ३८ ओहम. सोलरच्या खड्ड्याचा ६ ओहम आला. एवढी तफावत कशी, ते दहा मिनिटांत कळलं. पट्टी खाली एका लोखंडी कमानीला दोन ठिकाणी बोल्ट केलेली होती आणि पट्टीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा क्लॅम्प टेस्टर त्या बंद वेढ्यात लावला होता. टेस्टरने पट्टी आणि कमान यांचाच रोध मोजला, मातीचा नाही. क्लॅम्प टेस्टर चांगलं उपकरण आहे, पण प्रवाहाला मातीतून जाऊन दुसऱ्या अर्थिंगमधून परत यायची वाट असेल तरच त्याचा आकडा खरा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात याची जास्तच काळजी घ्यावी लागते. काळी माती तडकते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि तीन-चार फुटांखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो. पावसाळ्यात ८ ओहम दाखवणारा खड्डा उन्हाळ्यात ४० दाखवतो. वळवाच्या विजा मात्र नेमक्या त्या कोरड्या मातीवरच पडतात, पाऊस मुरायच्या आधी.

त्याहून मोठा दोष वेगळाच होता. अरेस्टरचा खड्डा, सोलरचा खड्डा आणि इमारतीचं अर्थिंग तिन्ही वेगवेगळे, एकमेकांशी न जोडलेले. “विजेचं अर्थिंग वेगळंच ठेवायचं” हा समज वायरमनपासून इंजिनिअरपर्यंत इतका पक्का आहे की तो खोडताना वाद होतो. हिशोब करून बघा. ३० किलोअँपिअर म्हणजे अगदी मध्यम वीज. ती फ्रेममधून ६ ओहमच्या खड्ड्यात उतरली की इन्व्हर्टरची बॉडी क्षणभर १ लाख ८० हजार व्होल्टवर चढते. त्याच इन्व्हर्टरला जोडलेला महावितरणचा न्यूट्रल दीडशे मीटरवरच्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला बांधलेला, तो शून्याच्या जवळ. मातीत ठिणग्या पडून प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येतो, तरी एवढा फरक कार्डातल्या मिलिमीटरभर फटीतून उडी मारूनच मिटतो. फॅट मशीन आणि रेकॉर्डर याच वाटेने गेले. सगळे खड्डे एकत्र जोडलेले असते आणि डीपीच्या बाजूला एसपीडी, म्हणजे दाबाची लाट आली की ती जमिनीकडे वळवणारं उपकरण, असतं, तर सगळं एकदमच वर चढलं असतं आणि आतल्या यंत्रांना फारसं कळलंही नसतं.

डीसीच्या, म्हणजे पॅनलकडच्या, बाजूला एसपीडी होता आणि त्याची खिडकी हिरवी होती, म्हणजे तो शाबूत होता. चेअरमनना हे सगळ्यात जास्त खटकलं: राखणदार जिवंत आणि मालक मेला. कारण त्याच्या वायरीत होतं. एसपीडी डब्यात नीटनेटका दिसावा म्हणून वायर फिरवून आणली होती, एकूण अडीच मीटर. सरळ वायरचं इंडक्टन्स, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला तिचा अडथळा, मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असतं. १० किलोअँपिअरची लाट ८ मायक्रोसेकंदांत चढली तर मीटरमागे सव्वा हजार व्होल्ट वायरीवरच पडतात, अडीच मीटरला ३,१०० च्या वर. एसपीडीने स्वतः ४,००० वर आवरलं तरी इन्व्हर्टरच्या वाट्याला ७,००० आले. वायरीची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत हवी, हा नियम याचसाठी आहे.

मग स्ट्रिंगा तपासल्या. कोपऱ्यातली स्ट्रिंग जाणार हे धरलंच होतं, पण तिच्या शेजारच्या दोन स्ट्रिंगमध्येही बरीच पॅनल ४५ ऐवजी ३० व्होल्ट दाखवत होती. पॅनलमध्ये तीन बायपास डायोड असतात. एक शॉर्ट झाला की एक तृतीयांश व्होल्टेज जातं. चौथी स्ट्रिंग पूर्ण शाबूत. फरक केबलचा. पहिल्या तिन्हींत प्लसची वायर छताच्या एका कडेने आणि मायनसची दुसऱ्या कडेने आली होती, मध्ये ४० चौरस मीटरचा वेढा. चौथीची दोन्ही टोकं जागा नसल्यामुळे एकाच पाइपात कोंबलेली. २० मीटरवर मायक्रोसेकंदाला ३० किलोअँपिअर वेगाने प्रवाह चढला की अशा वेढ्यात १२,००० व्होल्ट निर्माण होतात, वायरला स्पर्शही न करता. जागेच्या अडचणीने ते काम बरोबर झालं.

चहाच्या वेळी चेअरमननी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. गायरानावर मनोरा उभारून पडणारी वीज साठवायची, एका विजेत गावाची दिवसभराची गरज भागेल, असा कोणीतरी आणून दिलेला प्रस्ताव. “एवढी ताकद आहे, तर फुकट का जाऊ द्यायची?” त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून कागदाच्या पाठीवर हिशोब मांडून दाखवला.

ढग आणि जमीन यांच्यात दाब असतो दहा कोटी व्होल्टच्या घरात. पूर्ण विजेत उतरणारा भार मात्र २० कुलोमच्या आसपास. घरातल्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी १० अँपिअरने दोन सेकंदांत एवढा भार देते. भार कमी, दाब अफाट. भार उतरेल तसा दाबही घटत जातो, म्हणून गुणाकाराचा निम्मा धरायचा: साधारण १ अब्ज ज्यूल. आकडा मोठा वाटतो, पण युनिटमध्ये तो २८०. आणि त्यातले बहुतेक खाली येतच नाहीत. पाच किलोमीटर हवा ३० हजार अंशांपर्यंत तापवण्यात, उजेडात, गडगडाटात आणि रेडिओलहरींत ते संपतात. जमिनीवर पोचतो त्याचा शंभरावा ते दहा-हजारावा हिस्सा. म्हणजे फार तर तीन युनिट, एरवी युनिटचा लहानसा तुकडा. याचा पुरावा आमच्या धंद्यात रोज दिसतो: मानकातली सगळ्यात जबर, २०० किलोअँपिअरची वीज ५० चौरस मिलिमीटर तांब्यातून गेली तरी ते तांबं वीसेक अंशच तापतं.

“मग तो दाबच पकडायचा,” चेअरमन म्हणाले. बरोबर बोलले, खरी मेख तिथेच आहे. पहिल्या झटक्याचे ५ कुलोम १,००० व्होल्टच्या कॅपॅसिटरमध्ये भरले तर अडीच हजार ज्यूल मिळतात, युनिटचा हजारावा भागही नाही. १० लाख व्होल्टवर भरले तर पाऊण युनिटही होत नाही, आणि त्यासाठी १० लाख व्होल्ट सोसणारा ५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर हवा, म्हणजे एक इमारतच. शिवाय मनोऱ्याने एवढा दाब अडवून धरला की वीज त्याच्या कडेने उडी मारून सरळ जमिनीत जाते. बर्लिनच्या तीन पदार्थवैज्ञानिकांनी १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या माँटे जेनेरोसो डोंगरावर तारा ताणून वादळातला दाब खरोखर उतरवला होता. पण त्यांना अणुकेंद्र फोडायला व्होल्ट हवे होते, युनिट नव्हे. त्यातला कुर्ट उर्बान १९२८ मध्ये तिथेच पडून मेला. स्वित्झर्लंडच्याच सेंटिस शिखरावर २०२१ मध्ये लेझरने वीज ५० मीटर वळवून दाखवली, तेही बचावासाठी, साठवण्यासाठी नाही.

शेवटचा हिशोब त्यांनी स्वतः केला, मी फक्त आकडे दिले. जगात सगळ्यात जास्त विजा व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवरावर चमकतात: वर्षाला चौरस किलोमीटरमागे २३३, ढगातल्या ढगात चमकणाऱ्याही धरून. प्रत्येकीतले २८० च्या २८० युनिट हाती आले असं धरलं, तर वर्षाचे ६५ हजार. दूध संस्थेचं छत वर्षाला ४२ हजारांच्या आसपास देतं. जगातल्या सगळ्यात विजाळ चौरस किलोमीटरमधली अख्खी वीज म्हणजे या एका छताची दीडपट. चेअरमननी कागद घडी करून परत खणात टाकला.

गणित त्यांना पटलं, पण त्याचा दुसरा अर्थ कोणाला सांगताना मी अजून अडखळतो. विकायला घेतली तर युनिटभर न भरणारी ही ऊर्जा, नासधूस करायला मात्र भरपूर. कार्ड जाळायला युनिट लागत नाहीत, मायक्रोसेकंदातली चढण लागते. “किती मोठी वीज होती?” असं सगळे विचारतात. वायर किती लांब होती आणि खड्डे जोडलेले होते का, हे कोणी विचारत नाही.

दुरुस्ती अशी झाली. जुना खांब ठेवला, फक्त १७ मीटरपुरता मोजून. पॅनलच्या रांगांमागे, सावली कमीत कमी पडावी म्हणून उत्तरेच्या बाजूने, २ मीटरच्या चार ॲल्युमिनियम सळया. त्यांना जोडणारा ८ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम गोल, खाली उतरायला दोन वाटा. सळया आणि फ्रेम यांच्यात हिशोबाने ३२ सेंटिमीटर अंतर हवं होतं, ते ४० राखलं. तिन्ही खड्डे २५×६ च्या जीआय पट्टीने जमिनीखालून जोडले. पट्टी काळ्या मातीत लांबवर गेल्याने एकत्रित रोध ४ ओहमवर आला. प्लस-मायनस केबल एकाच पाइपातून. डीसीचा एसपीडी हलवून इन्व्हर्टरला चिकटवला, वायर ३५ सेंटिमीटर. सचिवांच्या मोबाइलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप टाकलं. इशारा आला की दूध घालायला आलेली माणसं शेडखालून पक्क्या खोलीत घ्यायची.

एसीच्या, म्हणजे डीपीकडच्या, बाजूचा टाइप १+२ एसपीडी मात्र बसला नाही. कमिटीने तो वार्षिक सभेनंतर घ्यायचं ठरवलं, कारण सोलर तर आता नीट चालतोय. मुख्य डीबीत, म्हणजे वीज वाटपाच्या पेटीत, त्याच्यासाठी जागा सोडली आहे. सभा सप्टेंबरात, परतीच्या पावसाच्या तोंडावर. तोपर्यंत डीपीकडून येणारी वाट उघडी आहे. आणि संस्थेपासून दोनशे मीटरवरच्या शाळेवर तसाच खांब, तशीच टोपी, तसाच वेगळा खड्डा आहे. मुख्याध्यापिकांना खड्डे जोडण्याचं रेखाटन आणि साहित्याची यादी दिली आहे: ४० मीटर पट्टी, सहा क्लॅम्प, एक तपासणी लिंक. त्यांनी ती ग्रामपंचायतीकडे पाठवली आहे.