आवळून थांबत नाही तो नळ

गळका नळ दिवसा कुणाला ऐकू येत नाही. रात्री घर निजलं की 'टप्प' सुरू होतं, आणि कुणीतरी उठून तो अजून घट्ट आवळतो. दुखणं वाढतं ते इथेच. तीन-चार फेरे फिरणाऱ्या जुन्या धाटणीच्या नळात स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी रबरी वायसर असतो. तो आतल्या पितळी बैठकीवर दाबून बसला की पाणी अडतं. जोर वाढवला की बैठकीची कड रबरात रुतते, आणि पुढच्या वेळी त्याहून जास्त जोर लागतो. सेकंदाला एक थेंब, थेंब पाव मिलिलीटरचा धरा, तर दिवसाचे साडेएकवीस लिटर वाहून जातात.

वायसर बदलणं दहा मिनिटांचं काम म्हणतात. खरं आहे, पण ती दहा मिनिटं नट सुटल्यानंतरची. आधी मुख्य कॉक बंद करून नळ उघडायचा आणि पाणी निथळू द्यायचं. बेसिनच्या भोकावर फडकं हवंच. निसटलेल्या स्क्रूला नेमका तोच रस्ता ठाऊक असतो. मुठीवरची टोपी उचकटली की खाली तो स्क्रू दिसतो.

मूठ निघाली की समोर येतो मोठा षट्कोनी नट, क्षारांनी जाम झालेला. इथे झटका मारायचा मोह आवरायचा. पितळ मऊ असतं, कोपरे झिजले की पाना नुसता घसरतो; त्याहून वाईट म्हणजे नळच भिंतीत फिरतो आणि गळती आत जाते. म्हणून एका पान्याने नळाचं धड धरायचं, दुसऱ्याने नट. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल आट्यांवर सोडायचं आणि रात्रभर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. सकाळी आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. वेडेपणा वाटतो, पण साचलेलं कवच त्यानेच तडकतं.

नट सुटला की स्पिंडल बाहेर येतो. त्याच्या टोकाचा जुना वायसर सोबत नेऊन त्याच मापाचा आणावा. 'अर्धा इंची' या शब्दावर विसंबू नये: अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यासच जवळपास २१ मिलिमीटर असतो!

नवा वायसर बसवूनही थेंब पडतो तेव्हा बहुतेक जण हार मानतात. दोष बैठकीचा असतो. बोट फिरवून पाहावं; खाच लागली तर कितीही वायसर बदला, व्यर्थ. बैठक घासायचं छोटं हत्यार मिळतं, ते हलक्या हाताने दोन-चार फेरे फिरवून कीस धुऊन टाकायचा. जोडताना स्पिंडल वर उचललेला ठेवायचा, नाहीतर नट आवळतानाच नवा वायसर चिरडतो.

नळ उघडल्यावर मुठीखालून पाणी झिरपत असेल तर वायसर निर्दोष आहे. ग्लँडचा, म्हणजे स्पिंडलभोवती पाणी अडवणाऱ्या भागाचा, नट पाव फेरा आवळला की बहुधा भागतं. आणि पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात वायसर शोधूच नये. त्यात सिरॅमिक चकत्या असतात, त्या चकत्या बसवलेला आतला अख्खा संच, म्हणजे कार्ट्रिज, बदलावं लागतं.

काम झाल्यावर लगेच एक-दोन थेंब पडतात, ते तोटीत अडकलेलं पाणी. पुन्हा पाना उचलू नये. तोटी पुसून खाली कोरड्या कागदाचा तुकडा ठेवावा, आणि तो सकाळीच पाहावा.