‘व’च्या पोटातला दगड

मागच्या नोंदीत सांगितलेल्या, दगडात कोरत असलेल्या ‘विसावा’ या नावाच्या पाटीची शिरोरेषा, वेलांटी, स आणि पहिला व मनासारखे उतरले होते. काल संध्याकाळी शेवटच्या व चा गोलावा दंडाशी (उभ्या रेघेशी) मिळवत असताना त्याच्या पोटातला दगड, पोळीचा पापुद्रा सुटावा तसा, अखंड निघून आला. याच कामठी वालुकाश्माच्या (नागपूरकडच्या वाळूच्या दगडाच्या) सरावाच्या फरशीतही हेच होत होते, म्हणून या वेळी तो तुकडा भिंगाखाली धरला आणि कारण उघड झाले.

तुकड्याची खालची बाजू सपाट होती. घावाने तुटलेला दगड खडबडीत आणि तिरका तुटतो. हा मात्र दोन थरांच्या सांध्यावर सुटला होता. वालुकाश्म वाळूच्या थरांवर थर साचून बनतो, आणि पाटीसाठी आपल्याला मिळणाऱ्या फरश्या बहुधा त्याच थरांच्या दिशेने फोडलेल्या असतात, कारण तसे फोडणे सोपे आणि स्वस्त पडते. जमिनीवर बसवायला अशी फरशी उत्तम. अक्षरांसाठी ती घेऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. व, ब, क यांच्या पोटाभोवती खोबण फिरली की आतले बेट केवळ खालच्या सांध्याच्या आधारावर उरते, आणि खोबणीचा तळ त्या सांध्यापर्यंत पोचला की एखादा हलका घावही त्याला पुरतो.

यावर पहिला उपाय खोलीचा. 12 मिमी रुंदीची रेघ 60 अंशांच्या V आकाराच्या खोबणीत कोरली तर तळ 10 मिमीच्या थोडा खाली जातो, 90 अंशांत तो 6 मिमीवर लागतो. फक्त गोलावा उथळ ठेवून पाहिला, पण दंडाशी तळ जुळेना आणि तो जोड लांबूनही खटकत होता. अखेर सगळ्याच रेघांना 75 अंश दिले. खोली सुमारे 8 मिमी आली आणि सावलीही पुरेशी पडते.

दुसरा उपाय दिशेचा, आणि खरा गुण त्यानेच आला. गोलावा दंडाला मिळतो तिथे बेटाचे टोक अगदी निमुळते असते. छिन्नी त्या कोपऱ्याकडे नेली की पाचरीचा सगळा जोर त्या टोकावर येतो. म्हणून आता कोपऱ्यातून सुरुवात करून छिन्नी बाहेर, गोलाव्याच्या कुशीकडे नेतो आणि बेटाकडची भिंत शेवटी हातोडा न लावता कार्बोरंडमच्या कांडीने घासून घेतो. आज सकाळी सरावाच्या फरशीवर या रीतीने कोरलेल्या व ची दोन्ही टोके शाबूत राहिली. तिरप्या उन्हात ती कड पाहून झालेला आनंद तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

अवजारांबद्दल एवढेच, की या दगडातली गारेची वाळू साध्या पोलादाची धार बघता बघता खाते, त्यामुळे इथे टंगस्टन कार्बाइडचीच छिन्नी हवी. आणि तिला धार लावायला सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे चाकच वापरावे, करड्या चाकावर ती नुसती तापते. दगड बदलून काळा पाषाण घ्यावा, असेही मनात आले होते. त्यात असे थर नसतात, पण वायूच्या पोकळ्या नेमक्या कडेवर उघडतात, म्हणून तो विचार सोडला.

नवी फरशी थरांना आडवी छेद देऊन कापून मागवली आहे, म्हणजे दर्शनी बाजूवर थर आडव्या रेघांसारखे दिसतील आणि बेट एकाच सांध्यावर अवलंबून राहणार नाही. ती ताब्यात घेताना ओली करून थर पाहीन आणि टकटक करून बद्द आवाज येणारी परत पाठवीन.

हे लिहीत असतानाच शिरोरेषेचाही फेरविचार सुरू झाला आहे. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातल्या वाकाटककालीन शिलालेखाची लिपी पेटिकाशीर्ष आहे. तिथे सलग शिरोरेषा नसून प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर स्वतंत्र चौकोनी पेटी असते. प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाकाटक लेखांच्या ठशांतही हे वळण पाहता येते. थर आडवे आल्यावर सलग शिरोरेषा थराला समांतर धावेल आणि तिची वरची कड लांबच्या लांब सुटण्याचा धोका राहील. त्यामुळे ‘वि’, ‘सा’ आणि ‘वा’ यांच्या शिरोरेषा सुट्या ठेवून मध्ये 5 मिमी दगड राखण्याचा आराखडा आजच बोरूने काढायला घेतो. सलग रेषेची पहिली आखणी तूर्त बाजूला ठेवली आहे.