चौदाचा चढेना, पंधराचा ढिला

सोयाबीनच्या सुगीत मिस्तरीला दुपारचं जेवण घरी मिळालं तर नशीब. औसा तालुक्यातल्या एका शिवारातून फोन आला: बनीम, म्हणजे रचून ठेवलेली गंजी, फोडून मळणी सुरू केली अन् ट्रॅक्टरचं पाणी गळायला लागलं, इंजिन तापतंय. आभाळ परतीच्या पावसाचं. लक्षणं ऐकून वॉटर पंप गेला असणार वाटलं, म्हणून लातूरहून निघताना नवा पंप आणि बोल्ट घेतले.

पंपच गेला होता. बाकीचे बोल्ट सुटले, एक मात्र अडला. त्याचे सहाही कोपरे गोल, चकचकीत झालेले. ड्रायव्हरच्या हातात पंधरा मिलिमीटरचा फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाचा पाना आणि त्याला तीन फुटी पाईप.

"चौदाचा चढेना मिस्तरी, पंधराचा बसला."

"बसला कुठं? हलतोय बघ."

ट्रॅक्टर जुना, बोल्ट इंची मापाचे. ३/८ च्या बोल्टचं डोकं ९/१६ इंच, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. त्यावर १४ चढत नाही आणि १५ जवळपास पाऊण मिलिमीटर सैल राहतो. फिक्स पाना तसाही दोनच बाजू धरतो. सैल असला की सगळा जोर कोपऱ्यावर जातो, वरून पाईप लावला की कोपरा सोलून निघतो. ३/४ इंच म्हणजे १९.०५, तिथं १९ चा चालून जातो, त्यामुळे सगळीकडेच चालेल असं पोरांना वाटतं.

बोल्टभोवती तापवलं असतं तर काम सोपं होतं, पण दहा पावलांवर वाळल्या सोयाबीनची बनीम. गॅसबत्तीचं नावच नको. गंज सुटायचं तेल मारलं, डोक्यावर हातोड्याचे बेताचे ठोके देत बसलो.

"मिस्तरी, पाऊस येऊलालाय," मालक काका म्हणाले.

"येऊ द्या काका. हा इंजिनच्या ब्लॉकमध्ये तुटला तर ड्रिल मारण्यात उद्याचा दिवस जाईल."

मग १४ ची सहा कोनी गोटी काढली, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट. चांगल्या डोक्यावर न चढणारी हीच गोटी त्या गोल डोक्यावर ठोकून बसवली. कडेनं लोखंडाची बारीक साल निघाली आणि गोटी गच्च झाली. बारा कोनी इथं घसरली असती, ती कोपऱ्यालगतच धरते. गोटी फिरवायचं दातेरी रॅचेटही बाजूला ठेवलं. त्याचे दाते अशा झटक्यासाठी नसतात. लांब दांडा घेतला. आधी किंचित आवळायच्या बाजूला रेटलं, मग उलटं ओढलं. कट्ट!

हा आवाज बोल्ट तुटताना येतो, तसा गंज सुटतानाही येतो. दांडा एकदम हलका झाला तर तुटला. आमचा जडच फिरला, कुरकुरत.

आटे साफ करून नवे बोल्ट बसवले, तर ड्रायव्हर पुन्हा पाईप घेऊन हजर. आठ इंची पान्याला २० किलोचा ओढा दिला तर ४ किलोग्रॅम-मीटर जोर लागतो; तीन फुटी पाईपनं तोच ओढा १८ वर जातो. एवढ्यात ३/८ चा बोल्ट ताणून तुटायचाच. पाईप त्याच्याकडून काढून घेतला आणि ९/१६ ची गोटी टॉर्क पान्याला (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) लावून समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळले.

मळणी सुरू झाल्यावर काकांनी विचारलं, कोणते पाने घेऊन ठेवू? म्हटलं, मोठा सेट नको. डोकं सगळीकडून धरणारे इंची रिंग पाने घ्या, १/२, ९/१६, ५/८, ३/४ एवढे बास.

"अन् हा स्क्रू पाना?" तोंड कमीजास्त होणारा पाना दाखवत ड्रायव्हरनं विचारलं.

"तो मोटारीच्या पाईपलाईनीवर ने. ट्रॅक्टरच्या जवळ आणू नको."