हाय रिस्कचा सोमवार

20 मे 2019 ला सकाळची पाळी माझी होती. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावात आमची छोटी खासगी हवामान कंपनी. गोदामं, पवनचक्क्या, बांधकामवाले यांना आम्ही वादळाचे इशारे देतो. सरकारी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरही इथेच. त्यांनी त्या दिवशी पाच पायऱ्यांतली सर्वात वरची 'हाय रिस्क' जाहीर केली होती. याआधीची मे 2017 मधली. त्यात तारीखही नको ती! 20 मे 2013 ला शेजारच्या मूरमध्ये टोर्नेडोत 24 माणसं गेली, त्यांतली सात शाळेतली मुलं. या वेळी शाळा बंद ठेवल्या, त्याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

मालमसाला सगळा तयार होता. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा, पश्चिमेला टेक्सासवर कोरडी. जमिनीलगत वारा आग्नेयेचा, वर नैर्ऋत्येचा आणि कितीतरी जोराचा. या पिळामुळेच ढग स्वतःभोवती फिरू लागतो. आपला वळीव तासाभरात कोसळून मोकळा होतो, इथला सुपरसेल, म्हणजे असा फिरणारा वादळी ढग, तासन् तास चालतो. धाकधूक होती ती वरच्या उबदार थराची. खालची हवा तो झाकणासारखा दाबून धरतो. तो किती लवकर आणि कुठे फुटेल, यावर सगळं. वरच्या हवेची मोजमापं घ्यायला एरवी दिवसातून दोनदा सोडतात तो फुगा त्या दिवशी दुपारीही सोडला गेला.

दहाच्या सुमारास एका गोदामाच्या मॅनेजरचा फोन आला. नकाशावर काही भागात टोर्नेडोची शक्यता 45 टक्के दिसत होती. "म्हणजे 55 टक्के काहीच होणार नाही ना?" मी म्हटलं, "हा आकडा तुमच्यापासून 25 मैलांच्या आत कुठेही टोर्नेडो होण्याचा आहे. एरवी तो 2 किंवा 5 असतो." तो गप्प झाला. मग म्हणाला, "दुपारची पाळी घरी पाठवतो."

दुपारपासून पश्चिमेकडे ढग उठले, पण बरेचसे एकमेकांत मिसळत गेले. सुटा सुपरसेल टोर्नेडोला जास्त पोषक, गर्दी तितकी नाही. ओक्लाहोमातल्याच मँगमला टोर्नेडो झाला, घरांची पडझड झाली. बऱ्याच भागांत पावसाने पूर आणला. ओक्लाहोमा सिटीवर मात्र सगळे घाबरले होते ते आलं नाही.

मंगळवारी मॅनेजरचा सूर बदलला होता. एका पाळीचं काम बुडालं, आता वरच्यांना काय सांगू? मला राग आला नाही. नुकसान खरंच होतं. पण त्याच माहितीवर मी पुन्हा तोच सल्ला दिला असता आणि तसं त्याला सांगितलंही.

शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास ओक्लाहोमातल्याच एल रेनोत टोर्नेडोने एक मोटेल आणि मोबाइल होम्सची, म्हणजे हलवता येणाऱ्या हलक्या घरांची वस्ती उद्ध्वस्त केली. दोघे गेले. त्या दिवशी हाय रिस्क नव्हती.

रविवारी मॅनेजरचा पुन्हा फोन. रात्रपाळीत यंत्रांच्या आवाजात मोबाइलवरचा इशारा कुणाला ऐकू जात नाही, आत भोंगा बसवायचा तर तो कशाला जोडायचा, हे त्याला विचारायचं होतं.