एस, टी, ए आणि पुढे दोन रिकामी घरं

आज भाचीबरोबर वर्डल (सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) खेळले. दुसऱ्या संधीला 'स्टँड' टाकला, एस-टी-ए हिरवे झाले (म्हणजे अक्षरही बरोबर आणि जागाही) आणि ती ओरडलीच, "मावशी, झालंच आता!"

खरी गंमत तर इथून पुढेच असते. स्टार्ट, स्टार्क, स्टेअर, स्टेल, स्टेक, स्टॅक... सगळे पाच अक्षरी आणि सुरुवात अगदी तीच. एकेक टाकत बसलं तर सहा संधी कधी संपल्या कळतही नाही.

तिने वही ओढली, सगळे शब्द एकाखाली एक लिहिले आणि म्हणाली, "क्लर्क टाकू." उत्तर ते असणारच नव्हतं (हार्ड मोडमध्ये, म्हणजे जिथे सापडलेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात, तिथे तर चालतही नाही), पण सी, एल, ई, आर, के ही पाचही अक्षरं तिच्या यादीतली! एल आणि ई पिवळे झाले (शब्दात आहेत, पण जागा वेगळी), बाकीचे करडे (शब्दात नाहीतच). म्हणजे स्टेलच!

जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये हा खेळ सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हापासून मी खेळतेय. इतका सुंदर डाव मला कधी सुचला नाही. आमच्या वेळी स्पेलिंग म्हणजे नुसती घोकंपट्टी. ही पोरगी शब्द उलगडून बघते, याचं फार कौतुक वाटलं.

आता एस-एच-एची यादी चालू आहे: शेप, शेअर, शेव्ह, शेड, शेक, शेम. अजून कुणाला सुचतायत?