अर्धशिशी आणि डिसेबिलिटी पेन्शन: फाईलमध्ये काय हवं

सैन्याच्या नोकरीत आजार जडला किंवा वाढला म्हणून मिळणाऱ्या डिसेबिलिटी पेन्शनसाठी अर्धशिशीचा (मायग्रेनचा) दावा एमआरआयवर उभा राहत नाही. या आजारात एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. उपयोगी पडतात ते नोकरीतले कागद: सिक रिपोर्ट (आजारी असल्याची युनिटमधली नोंद), मिलिटरी हॉस्पिटलची कार्डं, न्यूरोलॉजिस्टचं मत, आजारामुळं कामावर मर्यादा घालणारा लो मेडिकल कॅटेगरीचा आदेश. सैनिक टाकळी असो की गडहिंग्लज, गोळी गिळून पहारा देणाऱ्या जवानाकडं नेमके हेच नसतात, आणि जे लिहिलं गेलं नाही ते मेडिकल बोर्डापुढं, म्हणजे तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांपुढं, सिद्ध करणं फार अवघड. अजून नोकरीत असाल तर प्रत्येक मोठ्या अटॅकला सिक रिपोर्ट करा. त्यात कमीपणा नाही. निवृत्तीनंतरचे ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कागद आजार चालू असल्याचं दाखवतात, त्याचा नोकरीशी संबंध दाखवत नाहीत.

‘क्रॉनिक’ म्हणायला महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखायला हवं, तेही तीन महिन्यांहून अधिक काळ, आणि त्यातले किमान 8 दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे. म्हणून वही ठेवा: तारीख, किती तास दुखलं, उलटी, उजेडाचा त्रास, कुठली गोळी, काम सोडून झोपावं लागलं का. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 दिवस किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास गोळी) 10 दिवस असं तीन महिने चाललं, तर गोळ्यांमुळंच डोकं दुखू लागतं आणि निदानच वादात सापडतं.

दावा अडतो तो बहुधा सेवेतून बाहेर पडताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या एका शेऱ्यावर: आजार सेवेमुळं झालेला नाही, वाढलेलाही नाही. कारण म्हणून ‘कॉन्स्टिट्यूशनल’ (मुळात शरीरातच असलेला) किंवा ‘पीस स्टेशनला (शांत भागातल्या पोस्टिंगला) सुरुवात’ एवढंच लिहिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या धरमवीर सिंग निकालानुसार, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतला धरायचा आणि सेवेतला नाही म्हणायचं तर बोर्डानं कारण द्यायचं. ते प्रकरण झटक्यांच्या आजाराचं होतं, म्हणून अर्धशिशीला जवळचं. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आहेत. कुठले नियम लागतात त्यासाठी आपली बाहेर पडण्याची तारीख आधी बघा. जुन्या नियमांत अपंगत्वाची टक्केवारी किमान 20 लागते.

बोर्डाच्या अहवालाची प्रत मागून घ्या. नकार आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील आपल्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. मग दुसरं अपील, आणि तेही फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अपिलात आजार ‘वाढला’ हा मुद्दा स्वतंत्र मांडा: उंचावरची पोस्टिंग, जागरणं, आणि त्याच काळातले सिक रिपोर्ट, तारखांसह.